वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं: लहान विमानतळ, लहान विमान

अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून 16 एप्रिल 2025 ला मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. गोंदियाजवळच्या बिरसीवरून त्याआधीच विमानं उडत होती. तेव्हापासून विमानाविषयी पत्रं वाढली आहेत. त्यांतल्या निवडक पत्रांना या वेळी उत्तरं देत आहोत.

बेलोऱ्यावर विमानात बसताना उजव्या इंजिनाचा आवाज येत होता, पण त्याचा पंखा जागचा हलत नव्हता. पंखा अडकला असेल या भीतीनं पोटात गोळा आला. हा बिघाड होता का?
– एक वाचक, दारव्हा

बिघाड नव्हता. तुम्ही बसलात ते एटीआर-72, पंख्याचं विमान. मोठ्या जेट विमानांच्या शेपटीत एक छोटं जादा इंजिन असतं. विमान उभं असताना वीज आणि गार हवा त्यातून मिळते. एटीआरमध्ये ते नसतं. त्याऐवजी उजव्या पंख्याला एक ब्रेक बसवलेला असतो. तो लावला की इंजिन आतून चालू राहतं, पंखा मात्र थांबलेला असतो. वैमानिक याला ‘हॉटेल मोड’ म्हणतात. त्या इंजिनातून काढलेल्या हवेवर आतला एसी चालतो. तुम्ही डाव्या बाजूच्या मागच्या दारानं चढत असता, तेव्हा उजवा पंखा असा बांधून ठेवलेला असतो. सगळे बसले, दार लागलं, की ब्रेक सोडतात.

मे महिन्यात या सोयीचा एसी कमी पडतो. 45 अंशांत तापलेलं विमान पंधरा-वीस मिनिटांत गार होत नाही, ते वर गेल्यावरच होतं. लहान मूल सोबत असेल तर ओला रुमाल जवळ ठेवा. पंख्यांच्या रेषेतल्या रांगांमध्ये घरघर जास्त जाणवते. शांतता हवी असेल तर मागची रांग मागा.

मे महिन्यात दुपारच्या विमानात माझी बॅग चढवलीच नाही. ‘पुढच्या विमानानं येईल’ असं सांगितलं. आत गेलो तर काही सीट रिकाम्या! जागा असताना बॅग का ठेवली?
– एक वाचक, नांदगाव खंडेश्वर

जागा होती, पण वजनाला परवानगी नव्हती. आपल्या भागात हा प्रश्न दर उन्हाळ्यात येणार, म्हणून सविस्तर सांगतो.

हवा तापली की विरळ होते. विरळ हवेत तीन गोष्टी एकदम घडतात: पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाची ताकद उतरते आणि पंखा तेवढ्याच फेऱ्यांत हवा कमी ढकलतो. हिशेबाची ढोबळ रीत अशी. प्रमाण तापमानापेक्षा, म्हणजे त्या उंचीसाठी हिशेबात धरलेल्या ठरावीक तापमानापेक्षा, हवा जितके अंश जास्त, तितक्या अंशांना प्रत्येकी 120 फूट धरून ते विमानतळाच्या उंचीत मिळवायचे. नागपूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटर, म्हणजे हजारेक फुटांवर आहे. त्या उंचीचं प्रमाण तापमान 13 अंश. पारा 45 वर गेला की फरक 32 अंशांचा. 32 गुणिले 120 म्हणजे 3,840 फूट. विमानाच्या दृष्टीनं ते नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर नाही, साधारण 4,800 फूट उंचीच्या डोंगरावर उभं असतं. बेलोऱ्याचंही तेच.

आता धावपट्टी बघा. नागपूरची 3,200 मीटर, बेलोऱ्याची 1,850 मीटर. वैमानिकाला नुसतं उडता येऊन भागत नाही. धावताना ऐन वेगात एक इंजिन बंद पडलं, तर उरलेल्या पट्टीत थांबता तरी आलं पाहिजे, नाहीतर एकाच इंजिनावर उडून समोरची झाडं-टेकड्या सुरक्षित ओलांडता आल्या पाहिजेत. हा हिशेब त्या वेळच्या तापमानावर आणि वाऱ्यावर करतात. त्यातून जास्तीत जास्त वजन ठरतं. त्यातून विमानाचं स्वतःचं वजन आणि इंधन वजा केलं की माणसं आणि सामान यांच्यासाठी किती उरलं ते कळतं. इंधन कमी करता येत नाही, कारण मुंबईत उतरता आलं नाही तर दुसऱ्या विमानतळापर्यंत पुरेल इतकं ते भरावंच लागतं. मग कात्री लागते ती सामानाला आणि सीटना. मोठ्या माणसाचं वजन सरसकट 75 किलो धरतात. दहा सीट रिकाम्या ठेवल्या की साडेसातशे किलो वाचले. तुम्हाला दिसलेल्या रिकाम्या सीट त्यातल्याच असाव्यात.

पहाटे पारा 30 असेल तर दुपारच्या तुलनेत हाच हिशेब 1,800 फुटांनी सुधारतो. एप्रिल-मे-जूनमध्ये सकाळचं विमान मिळत असेल तर दोन-चारशे रुपये जास्त देऊनही तेच घ्या. दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवेचे लोट उठतात, त्यामुळे विमान हेलकावतंही जास्त.

मागं राहिलेली बॅग पुढच्या विमानानं येते हे खरं, पण पुढचं विमान कधी, हा खरा प्रश्न आहे. बेलोऱ्याचं सुरुवातीचं वेळापत्रक आठवड्यातून तीन दिवसांचं होतं. म्हणून औषधं, दवाखान्याचे कागद, जमिनीचे मूळ दस्त, दागिने आणि एक जोडी कपडे हातातल्या पिशवीतच ठेवा. मुक्कामी उतरल्यावर बॅग आली नाही, तर हॉलच्या बाहेर पडण्याआधी ‘प्रॉपर्टी इर्रेग्युलॅरिटी रिपोर्ट’ लिहून घ्या आणि त्याचा क्रमांक जपा. एकदा बाहेर पडलात की सिद्ध करणं जड जातं.

सकाळचं विमान रद्द झाल्याचा निरोप आदल्या रात्री एजंटाच्या फोनवर आला. आम्ही पहाटे विमानतळावर पोचलो तेव्हा कळलं. मुंबईहून पुढचं दुसऱ्या कंपनीचं विमानही हुकलं. भरपाई मिळेल का?
– एक वाचक, अर्जुनी मोरगाव

तुमच्या पत्रात दोन चुका लपल्या आहेत, आणि त्या बहुतेक जण करतात.

पहिली फोन नंबरची. गावातल्या केंद्रावर तिकीट काढताना चालक घाईत स्वतःचाच मोबाईल नंबर टाकतो. कंपनीच्या लेखी तो नंबर तुमचा. तिनं निरोप दिला, तो तुमच्यापर्यंत पोचला नाही, याला कंपनी जबाबदार धरली जात नाही. संपर्काचा तपशीलच दिला नसेल तर भरपाईचा हक्कही जातो. तिकीट हातात पडताच त्यावर तुमचाच नंबर आहे ना, ते बघा. नसेल तर पीएनआर सांगून कंपनीकडून बदलून घ्या.

भरपाईचा नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा आहे. दोन आठवडे आधी कळवलं तर पर्यायी विमान किंवा पूर्ण पैसे परत, एवढंच. दोन आठवड्यांपासून 24 तासांपर्यंत कळवलं, तर ठरल्या वेळेच्या दोन तासांच्या आत सुटणारं दुसरं विमान द्यायचं किंवा पैसे परत. त्याहून उशिरा कळवलं तर परताव्याशिवाय भरपाईही लागते. प्रवास एक तासापर्यंतचा असेल तर 5,000 रुपये, एक ते दोन तासांचा असेल तर 7,500, त्यापुढे 10,000. पण ही कमाल मर्यादा आहे. तुमचं मूळ भाडं आणि इंधन अधिभार मिळून 2,200 रुपये असतील, तर भरपाई 2,200 चीच. पेपरात आकडा वाचून लोक 7,500 ची आशा धरतात, म्हणून स्पष्ट सांगतो.

कारण कंपनीच्या हाताबाहेरचं असेल, उदाहरणार्थ हवामान, तर भरपाई नाही. परतावा किंवा पर्यायी विमान मात्र तेव्हाही मिळतं. लहान विमानतळावर हे कारण वारंवार येतं. उपकरणांच्या मदतीनं उतरण्याची सोय जिथं नाही, तिथं वैमानिकाला डोळ्यांनी बघून उतरावं लागतं, आणि त्यासाठी 5 किलोमीटरपर्यंत स्वच्छ दिसावं लागतं. श्रावणातली झड किंवा डिसेंबरच्या पहाटेचं धुकं असेल तर ते जमत नाही. काउंटरवर रद्द होण्याचं कारण लेखी मागा, निदान निरोपाचा स्क्रीनशॉट ठेवा. विमान तांत्रिक कारणानं रद्द झालं आणि तुम्हाला मात्र ‘हवामान’ सांगितलं, अशी शंका असेल तर त्याच वेळी त्या विमानतळावरून दुसरी विमानं उडाली का, ते टिपून ठेवा.

नुसता उशीर झाला तर अडीच तासांपर्यंतच्या प्रवासासाठी दोन तासांच्या उशिरानंतर चहा-नाश्ता द्यावा लागतो. सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा, यांतला पर्याय प्रवाशाचा.

दुसरी चूक पुढच्या विमानाची. दोन वेगळी तिकिटं, दोन वेगळे पीएनआर म्हणजे कायद्यानं दोन वेगळे प्रवास. पहिलं चुकलं तर दुसऱ्या कंपनीला त्याचं सोयरसुतक नाही. एकाच पीएनआरवर पूर्ण प्रवास असेल तर शेवटच्या मुक्कामापर्यंत पोचवण्याची जबाबदारी कंपनीची. ते शक्य नसेल तर मध्ये एक रात्र ठेवा. लहान मार्गावर बहुधा एकच विमान दिवसभर फेऱ्या मारतं. सकाळी पहिल्या फेरीला तासभर उशीर झाला की संध्याकाळपर्यंत तो अडीच तासांचा होतो. दोन तासांचं अंतर ठेवून पुढचं तिकीट काढणं म्हणजे जुगार.

तक्रार आधी कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे, मग तिच्याच अपील अधिकाऱ्याकडे करा. तिथं दाद लागली नाही तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर.

मायचं वय 74, गुडघ्यानं चालता येत नाही. तिले विमानात नेता येईन का? शिडी चढणं होत नाही.
– एक वाचक, दर्यापूर

नेता येईल. फक्त चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच मागा, निदान 48 तास आधी. मागताना नेमकी गरज सांगा, कारण तिचे तीन प्रकार आहेत. लांब चालता येत नाही पण पायऱ्या चढता येतात त्यांच्यासाठी डब्ल्यूसीएचआर, पायऱ्याही चढता येत नाहीत त्यांच्यासाठी डब्ल्यूसीएचएस, आणि सीटपर्यंत उचलून न्यावं लागतं त्यांच्यासाठी डब्ल्यूसीएचसी. केंद्रचालक पहिलाच प्रकार टाकतो, मग ऐनवेळी शिडीपाशी धावपळ होते. तुमच्या आईसाठी दुसरा प्रकार हवा. एटीआरचं दार जमिनीपासून फार उंच नसतं, दाराला जोडलेल्या पाच-सहा पायऱ्याच असतात. तरी सुजलेल्या गुडघ्याला त्याही पुष्कळ. सीट मागच्या रांगेतली घ्या, चढण्याचं दार तिथंच आहे. आधार कार्ड मूळ न्या.

उडान योजनेत अडीच हजारात तिकीट मिळतं म्हणतात. आम्हाला साडेचार हजार पडले. एजंटानं फसवलं का?
– एक वाचक, तिरोडा

बहुधा नाही. उडान योजना 2016 ची, पहिलं विमान 27 एप्रिल 2017 ला शिमला-दिल्ली मार्गावर उडालं. तासाभराच्या, साधारण 500 किलोमीटरच्या प्रवासाला 2,500 रुपयांची मर्यादा ही मूळ कल्पना. अंतर वाढलं की मर्यादा वाढते, आणि वेळोवेळी ती बदललीही आहे. शिवाय ही मर्यादा विमानातल्या साधारण निम्म्याच सीटना लागते. उरलेल्या सीट बाजारभावानं विकायची मुभा आहे. स्वस्त सीट आधी संपतात. चार दिवस आधी काढलेलं तिकीट महागच पडणार.

अनुदान तीन वर्षांचं असतं. केंद्राबरोबर राज्यही त्यात वाटा उचलतं. ते संपल्यावर मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहिला नाही तर कंपनी विमान दुसरीकडे वळवते. कधी अनुदान असतानाही मार्ग टिकत नाही. बिरसीवरून 13 मार्च 2022 ला इंदूर-गोंदिया-हैदराबाद सेवा सुरू झाली आणि थोड्याच काळात थांबली. पुढे 1 डिसेंबर 2023 पासून दुसऱ्या कंपनीनं हैदराबाद-तिरुपतीची सेवा सुरू केली. सहा महिन्यांनंतरच्या लग्नाची तिकिटं आजच काढत असाल तर रेल्वेचं आरक्षणही करून ठेवा, असं आम्ही स्पष्टच सुचवतो.

मुलाच्या लग्नात नवरीला हेलिकॉप्टरनं आणायचं ठरलं आहे. एप्रिलमधला गोरज मुहूर्त आहे. शेतात उतरवता येईल ना? काय तयारी करावी?
– एक वाचक, उमरखेड

मुहूर्तापासूनच सुरुवात करू. एका इंजिनाचं हेलिकॉप्टर फक्त दिवसाउजेडी उडतं. गोरज म्हणजे सूर्यास्ताची वेळ. नवरी दुपारी चारच्या आत उतरली पाहिजे, आणि हेलिकॉप्टरला त्याच दिवशी परतायचं असेल तर तेवढा उजेड मागं उरला पाहिजे. नाहीतर त्याचा आणि वैमानिकांचा मुक्काम तुमच्या खर्चात.

भाडं तासावर असतं आणि तास मोजतात ते हेलिकॉप्टर त्याच्या ठिकाणाहून निघाल्यापासून परत पोचेपर्यंत. पुण्याहून आणलं तर यवतमाळपर्यंत सरळ रेषेत जवळपास 500 किलोमीटर, म्हणजे दोन तासांहून जास्त. येणं-जाणं मिळून चार-पाच तासांचं बिल, मग नवरीची फेरी दहा मिनिटांची का असेना. वर 18 टक्के जीएसटी, आणि उतरण्या-थांबण्याचे आकार वेगळे. नागपूरला तळ असलेली कंपनी आधी शोधा.

करार करण्याआधी दोन कागद मागा. एक, डीजीसीएचा नॉन-शेड्यूल्ड ऑपरेटर परवाना, म्हणजे ठरावीक वेळापत्रकाशिवाय भाड्यानं उड्डाण करण्याचा. दुसरा, त्या परवान्यात तुमच्याकडे येणाऱ्या हेलिकॉप्टरचा व्हीटीनं सुरू होणारा नोंदणी क्रमांक. एखाद्याचं खाजगी वापराचं हेलिकॉप्टर भाड्यानं देणं बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर विमा हात वर करतो. हा कागद दाखवायला जो कुरकुरतो, त्याला ॲडव्हान्स देऊ नका.

उतरण्यासाठी जिल्हाधिकारी आणि पोलिसांची परवानगी लागते. अर्ज पंधरा-वीस दिवस आधी करा. अग्निशमन गाडी आणि रुग्णवाहिकेची व्यवस्थाही त्यात विचारतात. वरून फुलं उधळायची असतील तर विमानातून वस्तू टाकण्याची परवानगी वेगळी आहे, हे कंपनीला आधी सांगा.

आता जमीन. सपाट 30 बाय 30 मीटर जागा मोकळी हवी, आणि येण्या-जाण्याच्या दिशेला झाड, टॉवर, विजेची तार नको. तार हाच सर्वांत मोठा धोका, कारण वरून ती दिसत नाही. चारही बाजूंचे फोटो, जागेचं गुगल लोकेशन आणि प्रत्येक तार कुठून जाते त्याचं हातानं काढलेलं चित्र कंपनीला पाठवा. काळी जमीन एप्रिलमध्ये हातभर भेगाळलेली असते आणि पाणी मारलं की रुतते. म्हणून मधल्या भागात मुरूम टाकून रोलर फिरवा. पऱ्हाटीचे धसकटं उपटा, तुरीचं कुटार आणि प्लास्टिक गोळा करा. पंख्याच्या वाऱ्यात काडी-कचरा वर जातो आणि इंजिनात ओढला जातो. टँकरनं आदल्या संध्याकाळी आणि उतरण्याआधी अर्धा तास पाणी शिंपडा. धूळ बसेल इतकंच, चिखल होईल इतकं नाही. ‘एच’ कोरड्या फक्कीनं काढू नका, ती उडते. चुना पाण्यात कालवून ब्रशनं काढा. वाऱ्याची दिशा कळावी म्हणून जागेपासून दूर उंच काठीला कापडाची लांब पट्टी बांधा.

मांडव निदान 100 मीटर दूर ठेवा. जवळ असेल तर कापड फाटून पंख्यात जातं. दोरखंड बांधून पाहुण्यांना त्याच्या बाहेरच थांबवा, फेटे-ओढण्या हातानं धरायला सांगा. पंखा पूर्ण थांबेपर्यंत कुणीही जवळ जायचं नाही. शेपटीकडून तर कधीच नाही, मागचा छोटा पंखा फिरताना डोळ्यांना दिसतच नाही.

आणखी एक. बसणाऱ्यांची खरी वजनं विचारतील, ती खरी सांगा. उन्हाच्या ज्या हिशेबात वर बॅग मागं राहिली, त्याच हिशेबात पाच सीटच्या हेलिकॉप्टरमध्ये तीनच माणसं बसू शकतात.

नागपूरच्या दवाखान्यात भरती असलेल्या रुग्णाला मुंबईला हलवायचं आहे. साध्या विमानात स्ट्रेचर चालतं का, की एअर ॲम्ब्युलन्सच लागते?
– एक वाचक, चामोर्शी

काही कंपन्या मोठ्या विमानात स्ट्रेचर नेतात. त्यासाठी अनेक सीट आडव्या कराव्या लागतात आणि त्या सगळ्यांचं भाडं पडतं. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी भरलेला ‘मेडिफ’ फॉर्म लागतो आणि मंजुरीला दोन-तीन दिवस जातात. स्वतःचा ऑक्सिजन सिलिंडर नेता येत नाही. रुग्ण व्हेंटिलेटरवर असेल तर एअर ॲम्ब्युलन्सच.

डॉक्टरांना एक गोष्ट नक्की विचारा. विमानाच्या आतला हवेचा दाब समुद्रसपाटीसारखा नसतो, तो 6,000 ते 8,000 फूट उंचीवरच्या इतका असतो. त्या दाबाला शरीरात अडकलेली हवा साधारण 30 टक्क्यांनी फुगते. फुप्फुसाभोवतीच्या पोकळीत हवा असेल, पोटाची किंवा डोक्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर हे जिवावर बेतू शकतं. छातीत नळी टाकून हवा काढल्याशिवाय उडायचं नाही, आणि हा निर्णय डॉक्टरांचा, एजंटाचा नाही.

एअर ॲम्ब्युलन्स ठरवताना रकमेत काय काय आहे ते लिहून घ्या: दोन्ही टोकांची रुग्णवाहिका, डॉक्टर, ऑक्सिजन, विमानाची रिकामी फेरी. मुंबईच्या दवाखान्यातली खाट पक्की झाल्याचं पत्र हातात आल्याशिवाय विमान बोलावू नका.

आखातात कामाला जायचं आहे. नागपूरहून जावं की मुंबईहून?
– एक वाचक, अचलपूर

नागपूरहून शारजा आणि दोह्याची थेट विमानं गेली कित्येक वर्षं चालत आली आहेत, हजची विमानंही नागपूरहून सुटतात. त्या दिवसाचं वेळापत्रक जुळत असेल तर नागपूरच बरं. मुंबईमार्गे परत येताना बॅग मुंबईतच घेऊन कस्टममधून काढावी लागते आणि पुन्हा द्यावी लागते, त्यासाठी निदान चार तास हाताशी ठेवा.

पासपोर्टवर ‘ईसीआर’ (परदेशी नोकरीआधी सरकारी तपासणी आवश्यक) अशी नोंद असेल आणि नोकरीचा व्हिसा असेल, तर ई-मायग्रेट पोर्टलवरची मंजुरी आधी हवी. पर्यटन व्हिसावर जा, तिकडे बदलून देऊ, असं सांगणाऱ्या दलालाच्या नादी लागू नका. विमानतळावरून परत पाठवतात, आणि तिकडे पोचलात तरी तुमच्या बाजूनं एकही कागद नसतो.

मुंबईच्या लेकीला संत्री, तिखट आणि लोणचं न्यायचं आहे. काय चालतं?
– एक वाचक, वरुड

तिखट आणि मसाला बॅगेज काउंटरवर देण्याच्या बॅगेत, दोन पिशव्यांत बांधून. हातातल्या पिशवीत तिखट काढून ठेवतात. मिरचीच्या लोणच्याचंही तेच. काडेपेटी आणि लायटर कुठंच नाही. सुकं खोबरं काउंटरवरच्या बॅगेत चालत नाही, त्यात तेल असतं आणि ते पेट घेतं. पॉवर बँक मात्र उलट, ती हातातच हवी. फवारणीच्या औषधाची बाटली रिकामी असली तरी नेऊ नका.

देशांतर्गत प्रवासात संत्री चालतात. काउंटरवर बहुतेक तिकिटांना 15 किलोची मर्यादा असते, आणि भरलेली पेटी त्यात बसत नाही. आंबिया बहाराच्या संत्र्याची साल सैल असते, दाबली की आतून मऊ पडते. म्हणून 10 किलोचं कडक खोकं घ्या, बाजूंना बोटभर भोकं पाडा, दोन थरांमध्ये वर्तमानपत्र घाला आणि देठाची बाजू खाली ठेवा. देठ लांब ठेवला तर तो शेजारच्या फळात रुततो, कात्रीनं सालीलगत कापून घ्या.